‘कधी?’ असं विचारणारी पाहुणी

उमरगा
पौष शुद्ध अष्टमी, रविवार

परमस्नेही हाजी खाजामियाँ यांस,

उत्तरेश्वरचा सलाम. नमस्कार मुद्दाम मागं ठेवला आहे. यंदाही तू येळवशीला शेतात जेवायला आला नाहीस, त्या रागाचं काय करायचं ते ठरलं की तोही धाडीन. तुझे गुडघे कसे आहेत? थंडीत फरिदावहिनींच्या दम्यानं उचल खाल्ली असेल. त्यांना म्हणावं, सकाळी उन्हात बसत जा आणि तुझ्याशी कमी बोलत जा, धाप निम्मी होईल. इकडं मी बरा आहे. बरा म्हणजे असा, की जे दिसू नये ते अजून स्वच्छ दिसतं आणि जे ऐकावंसं वाटतं ते ऐकू येत नाही. तुझी वहिनी उमाबाई ठणठणीत आहे. तिनं तुला निरोप दिला आहे, पण तो हज करून आलेल्या माणसाला लिहून कळवण्यासारखा नाही.

पत्र कशाला, फोन का नाही केला, असं विचारशील. फोनवरचा माझा विश्वास सध्या उडाला आहे (का, ते पुढं येईल). शिवाय फोनवर तू नुसता ‘हां हां’ म्हणतोस आणि तुझं लक्ष टीव्हीकडं असतं हे मला इथं उमरग्यात बसून कळतं. पत्राला हां हां म्हणता येत नाही. आणि हे सगळं मी तुलाच लिहितो आहे, कारण जे झालं त्यात तुझ्या घरचा हात आहे. तुझ्या नातीचा, जास्मिनचा. पोरगी गुणी आहे, तिची चूक नाही. पण सापडेल त्याच्यावर राग काढायच्या वयाला आलो आहे मी.

तुला ठाऊकच आहे, आमचा रणधीर स्पेनात असतो, सारागोसा नावाच्या गावी. बायको तिथलीच, रोसिओ. मुलगी इनेस, सात वर्षांची. या नातीला मी अजून हातात घेतलेलं नाही. जन्मली तेव्हा ‘पुढच्या वर्षी येतो’ झालं, मग कोरोना झाला, मग रणधीरची नोकरी बदलली, मग घर बदललं. इतक्यात ती हातात घेण्याच्या वयाची राहिली नाही. मी तिला पाहतो ती दर रविवारी संध्याकाळी, फोनच्या काचेत. ती यायची, पडलेला दात दाखवायची, आणि मग हात हलवून, डोळे मोठे करून, पलंगावर चढून, वरून उडी मारून काहीतरी सांगायची. चांगलं लांबलचक, मधे श्वास घ्यायला थांबून. मी रणधीरला विचारायचो, ‘काय म्हणते रे?’ तो म्हणायचा, ‘काही नाही आबा, बरी आहे म्हणते.’ आता तूच सांग खाजा, पलंगावरून उडी मारून कोण बरी आहे म्हणून सांगतं?

उलट बाजूनंही तेच. एकदा मी तिला आपल्या तिसरीच्या पुस्तकातली पाखरांची कविता चालीवर म्हणून दाखवली. तीच, जिला तू बाकावर ताल धरायचास आणि दुसऱ्या कडव्याला तुझा आवाज फाटायचा. (ते पुस्तक उघडलं की खळीचा आणि नव्या कागदाचा वास यायचा; अजूनही एखाद्या जूनमध्ये तो वास मला कुठून तरी येतो, आणि उमाबाई म्हणते, तुमी जरा नाक तपासून घ्या.) मी पाचही कडवी म्हटली. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. रणधीरनं तिच्याकडं वळून दोन शब्द टाकले. मी विचारलं, काय सांगितलंस? म्हणाला, ‘आजोबा गातात.’ बस्स. सगळी पाखरं त्या दोन शब्दांत मेली.

तेव्हा मी ठरवलं की हा दुभाषी नको. जास्मिन हैदराबादला स्पॅनिश शिकते हे तूच मला मिरवून सांगितलं होतंस. मी तिला फोन लावला. ती म्हणाली, ‘आजोबा, दर बुधवारी फोनवर शिकवते, पण तुम्ही गृहपाठ करायचा.’ आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांचे गृहपाठ तपासलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं.

आता आपल्या पिढीला भाषा येते ती एकाच वाटेनं. आधी घोकायचं, मग चालीवर म्हणायचं. अर्थ मागनं सावकाश येतो, येईल तेव्हा. मी रोज सकाळी ओट्यावर उन्हाला बसून, मांडी ठोकत, मोठ्यानं धातू चालवू लागलो. समोर बंडप्पाचं चहाचं हॉटेल. पहिले काही दिवस तो नुसता बघायचा. मग एका सकाळी चहा घेऊन आला आणि हळूच म्हणाला, ‘गुरुजी, कुठल्या देवाचं चाललंय? लई कडक दिसतोय.’ मी म्हटलं, स्पॅनिश आहे. त्यानं समजल्यासारखी मान हलवली आणि जाऊन गिऱ्हाइकांना सांगितलं, की गुरुजींनी पोराला परत आणायला पलीकडच्या कर्नाटकातनं मंत्र आणलाय, एकवीस दिवसांचा हाय. मी रागावणार होतो. मग विचार केला, त्यात फारसं खोटं काय आहे?

बरं चाललं होतं रे. इनेसला तिच्या भाषेत मी तिच्या दाताचं विचारलं तेव्हा ती दचकली, जणू घरातलं कपाटच बोललं. मग खिदळली, आणि मला ‘आबुएलो’ म्हणाली. त्यांच्याकडं आजोबाला आबुएलो म्हणतात. सगळं जग पालथं घालून शब्द शेवटी आबापाशीच येऊन थांबतो, असं मी उमाबाईला म्हणालो. ती म्हणाली, ‘शब्द आला. पोर कवा येनार?’

आणि मग एका बुधवारी जास्मिननं ते क्रियापद काढलं. साधंच, येणे. आपल्याकडं जसं ते रोज तोंडात असतं तसंच त्यांच्याकडं. पण चालवायला गेलं की वाह्यात. धातू एक आणि रूप भलतंच. जास्मिन म्हणाली, कुणाला अदबीनं बोलवायचं असेल तर ‘ये’ म्हणत नाहीत आजोबा, ‘येशील का, आली असतीस का, जमलं असतं का’ असा अर्थ लावतात. म्हणजे आपला संकेतार्थ. (शाळेत मी तीस वर्षं शिकवला: पाऊस पडला असता तर पीक आलं असतं. आपल्या भागातल्या पोरांना हा अर्थ कधी समजावून सांगावा लागला नाही. बाकी सगळ्या व्याकरणात नापास होणारी पोरं इथं पैकीच्या पैकी घ्यायची.) ‘मी येईन’ म्हणणारा, म्हणजे जो येणार, त्याचं नव्हे; ‘मी आलो असतो’ म्हणणारा, म्हणजे जो न येणारा, त्याचं ते रूप. बेंद्रिया, बेंद्रियास, बेंद्रिया. गंमत म्हणजे मूळ धातूत ‘द’ कुठंच नाही. या रूपात तो मधेच येऊन मांडी ठोकून बसतो. जास्मिन म्हणाली, हे पाठच करायचं, याला कारण नाही. मी म्हटलं, बाई, या सबंध रूपात खरोखर आलेला असा तो एक ‘द’ तेवढा आहे, त्याला कशाला नावं ठेवतेस.

मी ते भुजंगप्रयातात बसवायला गेलो. बसेना. शार्दूलविक्रीडितात तर वाघाच्या पाठीवर म्हातारी बसवल्यासारखं झालं. शेवटी ओवीनं घेतलं. ओवी बिचारी कुणालाही घेते. ऐक:

बेंद्रिया मी, बेंद्रियास तू ।
बेंद्रिया ती, उगा किंतू ।
सगळे आले असते परंतु ।
आले नाही कोणीही ॥

ही ओवी ओट्यावर म्हणत असताना मला एकदम कळलं की हे रूप मला नवीन नाही. ते मी कितीतरी वर्षं ऐकतो आहे, अस्खलित मराठीत, आपल्याच पोटच्या पोराच्या तोंडून. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला, ‘आलो असतो आबा, पण.’ थोरल्या चुलत्याच्या तेराव्याला, ‘आलो असतो.’ मी पाय मोडून पडलो तेव्हा, ‘लगेच आलो असतो, पण इनेसची शाळा.’ मराठीतला एवढा एकच अर्थ त्यानं बरोबर नेला आहे. भूत, वर्तमान, भविष्य सामानाचं वजन जास्त झालं म्हणून विमानतळावर काढून टाकले असावेत. बरं, व्याकरण चोख. एकदाही चुकत नाही. शेवटी मुलगा मराठीच्या मास्तरचा.

तू इथं मान डोलावशील आणि म्हणशील, आजकालची पोरं अशीच. थांब. तुझी पाळी आली.

मार्गशीर्षातली अमावस्या आपली येळवस. आठवते की विसरलास? मुलाकडं भूमला राहायला गेलास तेव्हापासून तुला तिची आठवण आमंत्रणापुरतीच येते. इथं अजून तसंच आहे. त्या दिवशी गावात कुत्रंही सापडत नाही, दुकानांना कुलपं, सगळं माणूस रानात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव मांडायचे, पूजा, आणि मग डाळी-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, ताकातल्या आंबिलीची घागर. ज्याला शेत आहे तो सगळ्यांना बोलावतो आणि ज्याला नाही तो दहा शेतांवर जाऊन जेवतो. न बोलावणं हा अपमान; म्हणून आठ दिवस आधीपासून रस्त्यात जो भेटेल त्याला आपण बोलावतो. पोस्टमनला, न्हाव्याला, एसटीच्या कंडक्टरला, ज्याच्याशी बांधावरून भांडण आहे त्याला. आणि नाही म्हणणं हाही अपमान. म्हणून जो तो म्हणतो, ‘येतो की!’ दहा जणांना येतो म्हणायचं आणि एकाकडं जायचं. यजमानाला ते ठाऊक असतं, पाहुण्याला ठाऊक असतं, घागरीतल्या आंबिलीलाही ठाऊक असतं. त्यात कुणी खोटं बोलत नाही, तो नुसता आपल्याकडचा श्वास आहे. फक्त असं बघ खाजा, ‘येतो’ म्हणून तू दरवर्षी येत नाहीस, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणतोस, ‘आलो असतो रे, गुडघ्यानं घात केला.’ तू आणि रणधीर एकाच शाळेचे विद्यार्थी आहात, आणि मास्तर मी.

तर येळवशीच्या आधीच्या रविवारी फोन आला. मी सकाळपासून गावभर आमंत्रणं करून आलो होतो, जीभ त्याच लयीत होती. एवढ्या कंडक्टरांना बोलावलं आणि स्वतःच्या नातीला बोलवायचं नाही? तिनं येण्याचा प्रश्नच नव्हता. तिला विचारलं गेलं पाहिजे, एवढंच. आपल्याकडं पोरीला सासरी आमंत्रण धाडतात ना, ती येणार नाही हे पक्कं माहीत असून? तसं. तेवढ्यात रणधीर दारावर आलेलं पार्सल घ्यायला उठला आणि फोन इनेसच्या हातात राहिला. मी घसा साफ केला आणि पाठ केलेलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं: बेंद्रियास आ कोमेर कोन नोसोत्रोस? आमच्याकडं जेवायला येशील का? ‘द’सकट. कुठं अडखळलो नाही. जास्मिन असती तर खडू ठेवून टाळ्या वाजवल्या असत्या.

पोरगी काचेजवळ सरकली. तिनं माझ्याकडं नीट बघितलं, आणि विचारलं, ‘कुआंदो?’

कुआंदो म्हणजे कधी.

मी तुला सांगतो, या जिल्ह्यात, निजामाच्या आधीपासून आजपर्यंत, येळवशीच्या आमंत्रणावर ‘कधी?’ असं विचारणारं माणूस जन्माला आलेलं नाही. मला इतका आनंद झाला की मी लगेच उत्तर दिलं, शुक्रवार. वारांची नावं मला तोंडपाठ होती ना. ती म्हणाली, ‘बाले.’ म्हणजे ठरलं. रणधीर परत आला, म्हणाला, ‘काय म्हणत होती?’ मी म्हटलं, काही नाही, बरी आहे म्हणते.

(हा सूड होता. जरा चवीनं घेतला, कबूल.)

शुक्रवार उजाडला. आमच्या शेतात झुंबड. ज्यांना बोलावलं होतं ते कमी, ज्यांना कुणी बोलावलं ठाऊक नाही ते जास्त. पूजा झाली, पिकात चौफेर आंबील शिंपडत ‘ओलगे’ असा येळवशीचा पुकारा झाला, पंगत बसली. मी सगळ्यांना गमतीनं सांगत होतो, आमची नात येते म्हणाली बरं का. लोक हसत होते. मीच आधी हसत होतो. आणि बघतो तर तुझ्या वहिनीनं कोपीच्या सावलीत, आपल्या शेजारी, एक लहान ताट मांडलेलं. भज्जी, उंडा, खिरीची वाटी, छोट्या पेल्यात आंबील. बंडप्पा तिथंच टेकायला गेला.

‘वैनी, हितं कोन बसायचंय?’
‘नात.’
‘ती तकडं स्पेनात हाय की.’
‘मग? व्हय म्हनलीया ती.’
‘इमानानं यायलीय का एसटीनं?’
‘तुमाला काय करायचंय? तुमी तकडं सरका.’

बंडप्पा सरकला. मी तिला बाजूला घेऊन म्हणालो, अगं, आपण बोलावतो ते काय खरं असतं का? ती म्हणाली, ‘तुमचं नसंल. लेकराचं असतंय.’ मला वाटलं, बाई म्हातारी झाली.

जेवणं अर्धी झाली आणि रणधीरचा फोन. आपल्याकडं पंगतीची वेळ म्हणजे तिकडं शाळेची वेळ. मला वाटलं, शुभेच्छा द्यायला. तो म्हणाला, ‘आबा, इनेसला काय सांगितलंत तुम्ही?’

झालं होतं असं. पोरगी पहाटे उठली, आपली आपण फ्रॉक घालून, छोटी बॅग भरून (दात घासायचा ब्रश, पोहायचे कपडे आणि आजीला बिस्किटांचा पुडा), पायांत बूट घालून दाराशी पायरीवर बसली. शाळेत जायचं म्हटल्यावर म्हणाली, आज नाही, आज मला आबुएलोकडं जेवायला बोलावलंय. वर्गात बाईंना आदल्या दिवशीच सांगून आली होती. समजावून झालं, ओरडून झालं. बूट काढायला तयार नाही. जमिनीवर दोन रेघा मारून विमान किती वेळ उडतं ते रणधीरनं दाखवलं, तर म्हणाली, मग लवकर चला, ते वाट बघत असतील.

‘असं बोलवायचं असतं का आबा?’
‘मग कसं बोलवायचं असतं?’
‘अहो, तिला खरं वाटलं!’
‘मग काय, खोटं वाटायला पाहिजे होतं?’

   मग त्यानं शिकलेल्या माणसाच्या थंड आवाजात सांगितलं, की थोडे दिवस रविवारचा फोन नको. तिच्या डोक्यातनं हे जाऊ दे. विसरू दे तिला.

विसरू दे. मी आयुष्यभर पोरांना पाठ करायला शिकवलं रे. विसरायला शिकवणारी शाळा माझ्या पोरानं काढली.

मागनं रोसिओचा आवाज आला, काहीतरी झटापट झाली, आणि काचेत इनेस दिसली. रडत नव्हती. वेणी तिरपी, डगल्याची बटणं वरखाली लावलेली, आणि बूट. बूट दिसावेत म्हणून तिनं पाय वर केला. आणि विचारलं, ‘कुआंदो?’

खाजा, मला सगळं येत होतं. मी आलो असतो, तू आली असतीस, आम्ही आलो असतो, तुम्ही आला असतात. सहाही रूपं जिभेवर उभी होती. तिच्या प्रश्नाला त्यातलं एकही लागू पडेना.  तेवढ्यात उमाबाईनं माझ्या हातातनं फोन ओढला, ताटासमोर नेऊन धरला आणि आपल्या भाषेत म्हणाली, ‘ए बाय, हे बघ तुजं ताट. कुनाला बसू दिलं न्हाय.’ पोरगी बघत राहिली. भज्जी बघितली, पेला बघितला, रिकामी जागा बघितली. मग काहीतरी बोलली, चांगलं लांबलचक. या खेपेला कुणी भाषांतर केलं नाही. फोन बंद झाला.

संध्याकाळी पोरांनी कडब्याचा पेटता हेंडगा घेऊन शेताला फेरी मारली, लोक पांगले. ताट उमाबाईनं तसंच झाकून घरी आणलं. मी विचारलं, याचं काय करायचं? म्हणाली, ‘तुमी खावा. बोलावलं तुमी होतं.’ मी खाल्लं. येळवशीची भज्जी गार झाली की तिच्यात काही राहत नाही. तुला ठाऊक नसेल, तू गरमही खाल्लेली नाहीस कैक वर्षांत.

त्यानंतरचा हा दुसरा रविवार. आजही फोन आला नाही. तो चार्ज करून टेबलावर ठेवला आहे आणि उमाबाई अधनंमधनं पदरानं पुसते. मी ओट्यावर बसतो, पण काही म्हणत नाही. बंडप्पानं विचारलं, ‘गुरुजी, मंत्राचे एकवीस दिस भरले का?’ मी म्हटलं, भरले. ‘गुण आला?’ मी म्हटलं, आला असता. तो चहा न मागता देऊन गेला. याचा अर्थ गावाला सगळं कळलेलं आहे.

तेव्हा जास्मिनला सांग, शिकवणी बंद. ज्या भाषेत न येण्यासाठी एवढं देखणं रूप केलेलं आहे ती मला नको; तेवढी माझ्या घरात आधीच बोलली जाते. वहीही रद्दीत दिली. आता काही शिकायचं नाही, कुणाला बोलवायचं नाही. पुढच्या येळवशीला तुलासुद्धा आमंत्रण नाही. तुझा एक फोन वाचेल. फरिदावहिनींना माझा नमस्कार (त्यांचा वेगळा, तो तुझ्यासारखा रोखलेला नाही). जास्मिनला आशीर्वाद, रागासकट.

तुझाच,
आणि तू कधी आला असतास तर आणखीच तुझा,
उत्तरेश्वर

ता. क. जास्मिनला वरचं शिकवणीचं काही बोलू नकोस. परवाच्या बुधवारी पाठ झाला. वहीही रद्दीत दिलेली नाही, उमाबाईनं देऊ दिली नाही. आता साधा भविष्यकाळ घेतला आहे. मी येईन. त्यातही तो आगाऊ ‘द’ येऊन बसतोच, पण इथं निदान तो कामाचा आहे.

आणखी ता. क. जास्मिननं तुला सांगितलं नसेल, मीच नको म्हटलं होतं. रोसिओनं तिला रणधीरच्या नकळत निरोप पाठवला. ताट बघितल्यावर पोरगी मुकाट्यानं शाळेत गेली, पण घरी आल्यावर बूट दाराशीच ठेवते, कपाटात ठेवू देत नाही. रोज विचारते, कधी. रोसिओनं लिहिलंय, त्यापेक्षा तुम्हीच दोघं या, इकडची कागदपत्रं मी करते. रणधीरला आम्ही कळवलेलं नाही. कळवलं तर तो म्हणेल, कशाला एवढी दगदग आबा, मीच आलो असतो. पासपोर्टासाठी आम्हाला नव्या वर्षात धाराशिवला बोलावलं आहे. माझी एकच धास्ती जन्मतारखेची. माझी एक जून, तुझी एक जून, आपल्या अख्ख्या वर्गाची एक जून. हेडमास्तरांनी सगळ्यांना एकाच बैठकीत जन्माला घातलं. तिथं साहेब खोदून विचारू लागला तर काय सांगायचं ते तुला ठाऊक आहे. तू त्यातनं पार पडलास, हजला जाऊन आलास, विमानात बसलास. धाराशिव उमरग्याहून मला जेवढं लांब, त्याहून भूमहून तुला जवळच आहे. तू येऊन माझ्या शेजारी बस, एवढंच हवं होतं. हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं, मधे राग आला.

शेवटचा ता. क. काल बाजारातनं बूट आणले. सगळा जन्म चपलेत गेला, आता नाडी बांधता येत नाही; उमाबाई बांधते आणि हसते. सकाळी ओट्यावर घालून बसतो, पायांना सवय व्हावी म्हणून. तर उत्तर लगेच टाक. पण ‘येतो’ असं लिहू नकोस, तुझा येतो मला ठाऊक आहे. कार्डावर एकच शब्द लिही: कधी?